हरिचंद्राचं उत्तर

१

श्रावणातल्या दुसऱ्या रविवारी धारेवर, डोंगरातल्या धबधब्यावर जायचं, हे जयदेवने ठरवून टाकलं होतं. कोणाला विचारलं नव्हतं. विचारून काही करावं असा त्याचा स्वभावच नव्हता. सोमवारी सकाळी अंबरनाथच्या काड्यापेट्यांच्या कारखान्याचं फाटक जवळ येईपर्यंत त्याचा सगळा बेत मनात तयार होता. महिपती, सदू आणि पेटीखात्यातले आणखी चौघे, म्हणजे गेल्या वर्षी होते त्यांतलेच. उल्हासनगरहून काथ्याचा जाड दोर भाड्याने आणायचा. भाकऱ्या घरच्या. पहाटे जांभूळहून निघायचं, बदलापूर मागे टाकून डोंगराला लागायचं आणि ऊन डोक्यावर यायच्या आत धारेखालच्या डोहाशी, कोंडाशी पोचायचं. दोर कमरेला बांधून तो स्वतः खाली उतरणार होता. दादूस, त्याचा थोरला भाऊ, वर्षभर त्या पाण्यात होता. जे काही उरलं असेल ते वर काढायचं आणि घरी आणायचं.

फाटकाच्या आत लाकडी फळा होता. त्यावर खिळे, आणि प्रत्येक खिळ्याला नंबर ठोकलेला पितळी बिल्ला. ज्याने त्याने आपला बिल्ला काढायचा आणि खालच्या पत्र्याच्या पेटीत टाकायचा, की हजेरी लागली. जयदेवने दोनशे तेरा काढला, टाकला, आणि तो आत वळला. इतक्यात हजेरीबाबू गुरुदत्तांनी खिडकीतून बोट वाकवून त्याला जवळ बोलावलं.

त्यांच्या तळहातावर दोनशे बारा होता.

“तुझं दुःख मला कळतं रे,” ते हळू आवाजात म्हणाले, “पण हा चाळा आता पुरे.”

दोनशे बारा म्हणजे हरिचंद्र. दादूस. चार वर्षं दोघे भाऊ एकाच पाळीला होते आणि चार वर्षांत दादूस वेळेवर आल्याचे दिवस बोटांवर मोजण्याइतके. तो मागून रमतगमत यायचा, दातात बिनगुलाची काडी चघळत, आणि तोवर जयदेवने दोन्ही बिल्ले पेटीत टाकलेले असायचे. तो गेल्यावर त्याचा नंबर दुसऱ्या कोणाला दिला नव्हता. फोरमन विष्णुपंतांनीच तसं सांगितलं होतं. वर्ष होऊ दे, म्हणाले होते.

मी टाकला नाही, असं जयदेव म्हणणार होता. पण हाताला चार वर्षांची सवय होती. हाताने परस्पर केलं असेल. पेटीत ठण्ण असा आवाज एकदा झाला की दोनदा, ते त्याला छातीवर हात ठेवून सांगता आलं नसतं.

मंगळवारी तेच झालं. बुधवारीही.

गुरुवारी त्याने आपला बिल्ला सदूकडून टाकून घेतला आणि स्वतः दोन्ही हात खिशात कोंबून फळ्यापासून लांब उभा राहिला. दोनशे बाराचा खिळा तोवर रिकामा झालेला होता.  गुरुदत्तांनी त्या दिवशी फक्त खिडकी आतून लावून घेतली.

२

गेल्या श्रावणात खात्याची सहल धारेवर गेली होती. सगळी आखणी दादूसची. भांडी त्याने जमवली, वाटेतल्या ठाकरवाडीत चहाची सोय त्याने लावली, पावसाने मोडता घातला तर पुढचा रविवार, हेसुद्धा त्यानेच ठरवून ठेवलं होतं. सतरा माणसं. धार अशी की शंभर पावलांवर बोललेलं ऐकू येत नाही. दिवसभर सगळे लहान पोरांसारखे भिजले.

जांभूळ गावची एक रीत आहे. नदी असो, ओढा असो, पाण्यावरून उठताना वडीलधाऱ्याने एकेकाचं नाव घ्यायचं. त्याने ‘आलो’ म्हणायचं आणि मगच पाय उचलायचा. उत्तर आलं नाही तर कोणी हलायचं नाही. पोरं पाण्यावर रेंगाळतात, त्यांचं काही मागे राहू नये म्हणून ही हाक. त्या दिवशी वडीलधारा महिपती होता. धुकं उतरलं होतं, सगळे काकडले होते आणि बदलापूरहून गाडी गाठायची होती. महिपती नावं घेत गेला, उत्तरं येत गेली.

“हरिचंद्र.”

उत्तर नाही.

“हरिचंद्र.”

जयदेव घोळक्याच्या मागे उभा होता. दादूस एखाद्या दगडाआड असेल, नेहमीसारखा सगळ्यांत शेवटी येईल, असं त्याला वाटलं. खरं तर काही वाटलंच नाही. जसा रोज हात जायचा तशी जीभ गेली. त्याने भावासारखा घोगरा आवाज काढला आणि म्हटलं, “आलो.”

सगळे निघाले.

ठाकरवाडीत चहा पिताना माणूस कमी असल्याचं लक्षात आलं. परत वर धावले तोवर कोंडाचं पाणी काठावर चढलं होतं. तीन दिवस शोधलं. काहीच सापडलं नाही.

हे जयदेवने कोणालाही सांगितलं नव्हतं. महिपती तर ज्याला त्याला शपथेवर सांगायचा की हरिचंद्राने उत्तर दिलं, मी या कानांनी ऐकलं, तो पाण्यातून सुखरूप निघाला होता. आणि मोतीबाईने, दोघा भावांच्या आईने, तेवढंच पदरात धरून ठेवलं. तो उत्तर देऊन निघाला म्हणजे पाण्यात गेला नाही. वाट चुकला, कुठे पडला, कोणी नेला, पण पाण्यात गेला नाही. आण्णा भटजी दोनदा घरी येऊन गेले. देह मिळत नाही तेव्हा दर्भाचा माणूस करून अग्नी देतात, असं त्यांनी तिला समजावलं. मोतीबाईने त्यांना ताक दिलं आणि वाटेला लावलं. जिवंत माणसाला जाळायचं होय, एवढंच म्हणाली.

ती रडली नव्हती. वर्षभरात एकदाही नाही. जयदेवच्या त्या एका शब्दाने तिचं रडणं अडवून धरलं होतं, आणि हे फक्त त्यालाच ठाऊक होतं. म्हणून त्याला हाडं का होईना, घरी आणायची होती. हाडं तिच्यासमोर ठेवली असती, म्हणजे मग सांगता आलं असतं.

३

शुक्रवारी पाळी सुटल्यावर तो उल्हासनगरला गेला. छावणीच्या जुन्या बराकींपुढे आता ओळीने दुकानं झाली होती. त्यातलं लीलारामचं दुकान गेल्या चैत्रात उघडलेलं. दोर, ताडपत्र्या, कंदील, लग्नाची भांडी, सगळं भाड्याने मिळायचं. जयदेव दोनदा तिथून ताडपत्री घेऊन गेला होता, म्हणून ओळख.

त्याने दोर मागितला. लीलाराम आश्चर्याने बघायला लागला.

“तेरा भाई कल आया था ना. मना करके गया.”

“कुठला भाई?”

“बड़ा. दात में काडी. अंदर नहीं आया, पायरीवरच खडा रहा. बोला, जया रस्सी मांगेगा, देना नको. बोला, दो ही जन हैं, रस्सी का क्या काम.”

जयदेवने फळीवरून हात घालून त्याची कॉलर धरली. कारखान्यातला कोणीतरी थट्टा करतोय, या माणसाला पैसे चारून बोलायला लावलंय, असं त्याच्या मनात आलं. पण ‘जया’ हे नाव आई आणि दादूस सोडून कोणी घेत नव्हतं. आणि दादूस होता तेव्हा हे दुकानच नव्हतं. इथे एक रिकामी बराक होती आणि पुढे पाण्याचा नळ.

लीलारामने कॉलर सोडवून घेतली नाही. तसाच उभा राहिला.

“मेरा भी एक भाई उधर रह गया, सिंध में,” तो म्हणाला. “कोई आके मेरे को बोलता, वो आया था, तो मैं कॉलर नहीं पकडता. चाय पिलाता.”

जयदेवचा हात सुटला. लीलारामने खरंच चहा मागवला. दोर मात्र दिला नाही. ज्याने आधी सांगितलं त्याचा शब्द मोडता येत नाही म्हणाला. धंद्याची रीत आहे.

४

शनिवारी सदू म्हणाला, माझं जमत नाही. मग बाकीचे चौघेही तेच म्हणाले, तेही खाली मान घालून. जयदेवने महिपतीला काड्यांना लावायच्या गुलाच्या कढईमागे गाठलं आणि खरं काय ते विचारलं. महिपतीने हात पुसले.

“तुझाच निरोप आला ना,” तो म्हणाला. “काल संध्याकाळी अंगणात उभं राहून सांगितलंस. येऊ नका, आम्ही दोघंच जाणार.”

“मी? मी उल्हासनगरला होतो.”

“मी आत जेवत होतो. बाहेर बघितलं नाही मी.” महिपतीने जयदेवकडे न बघताच पुढे विचारलं, “आवाज तुझाच होता ना रे?”

 दोघांचे आवाज सारखे आहेत, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं.

पण एका बाजूने त्याला बरं वाटत होतं, आणि त्याचीच त्याला भीती वाटत होती. दोघंच. म्हणजे दादूस आणि तो. दादूसने आखणी केली होती, नेहमीसारखी व्यवस्थित, प्रत्येक ठिकाणी आधी जाऊन. तो रागावलेला नव्हता. रागावलेला माणूस सहल आखत नाही. घरी येताना शेताच्या बांधावर उभं राहून जयदेव आपल्याशीच भांडला. बिल्ला हाताने टाकला असेल. लीलारामने कोणा गिऱ्हाइकाला दुसराच समजलं असेल. महिपतीचं वय झालं. तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या सुटत होत्या. एकत्र धरल्या की सुटत नव्हत्या.

घरी मोतीबाई चुलीपुढे बसली होती. तांदळाच्या भाकऱ्या थापत होती आणि बारीक आवाजात काही गुणगुणत होती. वर्षभरात त्याने तिला असं ऐकलं नव्हतं. ओटीवर दादूसची खाट होती, तिच्या काथ्याच्या दोऱ्या एकदा करकरल्या, कोणी कूस बदलावी तशा. जयदेवने डोकावून पाहिलं. खाट रिकामी. मांजर असेल. घरात मांजर नव्हतं.

उद्या मी डोंगरात जातोय, त्याने आईला सांगितलं. ती बरं म्हणाली. कुठे, कशाला, काही विचारलं नाही. भाकऱ्या झाल्यावर तिने दोन वेगळ्या काढल्या, लसणीची चटणी घातली आणि धुतलेल्या फडक्यात बांधल्या.

त्याच्यासाठीच बांधल्या, असं त्याला वाटलं. त्या वेळी आणखी काही वाटायचं कारणही नव्हतं.

५

सकाळी तो उठला तेव्हा चूल गार होती. फडक्यातलं गाठोडं नव्हतं. मोतीबाई नव्हती. तिची काठी दाराआड तशीच उभी होती. जिला विहिरीवर जायलासुद्धा काठी लागायची, ती काठी न घेता गेली होती.

दोघं म्हणजे कोण, हे तेव्हा त्याला कळलं. आपल्याला कोणी बोलावलंच नव्हतं.

तो धावत सुटला. बदलापूरपर्यंत धावला, नदीवरचा पूल धावत ओलांडला, पुढे भातखाचरांच्या बांधांवरून पाय घसरत गेला. पाऊस थांबून थांबून येत होता. डोंगराच्या पायथ्याशी ठाकरवाडीत वेणू नावाची बाई आंबाडी निवडत बसली होती. गेल्या वर्षी चहा हिच्याच घरी झाला होता. त्याने म्हातारी दिसली का विचारलं.

“गेली की वर,” वेणू म्हणाली. “कवाच. बाप्या होता ना संगं. हाताला धरून नेत होता.”

“कसा होता?”

“पाठमोरा होता. मी म्हटलं, च्या घ्या. तर म्हातारीच बोल्ली, येताना घेऊ, तिघं येऊ.”

६

धार लांबूनच ऐकू येत होती, मग छातीत वाजायला लागली. झाडी संपली आणि समोर अख्खा डोंगर पांढरा होऊन खाली येत होता. कोंडातून वाफेसारखे तुषार उडत होते. काठावरच्या एका सपाट कातळावर मोतीबाई बसली होती. पाय पाण्याजवळ, इतके जवळ की लाट आली की घोटे बुडत होते. फडकं उघडून समोर पसरलं होतं. एक भाकरी तिच्या हातात. दुसरी धारेच्या बाजूला ठेवलेली, अर्धी मोडलेली.

ती बोलत होती. तिचे ओठ त्याला दिसत होते. ती बोलायची, थांबायची, मान हलवायची आणि परत बोलायची.

जयदेव तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसला आणि तिचा दंड पकडला. दंड ऊबदार होता. त्याला एकदम रडू फुटलं. हाडं नव्हती, दोर नव्हता, ठरवलेलं काहीच नव्हतं, आणि तरी तोंडातून निघालं ते तेच.

“आये, तो ‘आलो’ म्हणालाच नव्हता. मी म्हणालो. त्याच्या बदली मी म्हणालो.”

मोतीबाईने त्याच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा हलला नाही.

“मना ठाव हाय,” ती म्हणाली.

धारेच्या आवाजात त्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. पण तिने तोंड त्याच्या कानाशी आणलं.

“त्यानीच सांगितलान. मागच्या पुनवेला आला, खाटेवर बसला नि सांगितलान. जयाला काय बोलू नको, बोल्लान. तो आपणहून सांगल.” तिने त्याच्या गालावरचं पाणी पदराने पुसलं. “मी वाट बघत व्हते तुझी.”

 वर्षभर ज्या दगडाखाली जयदेव चिरडला होता तो उचलला गेला होता, आणि खाली काय होतं ते त्याला बघायचं नव्हतं.

“तू हाक मार,” मोतीबाई म्हणाली. “माझी हाक त्याला ऐकायला येते, पन निघता येत नाय. त्याचं उत्तर तुझ्यापाशी हाय ना. तू हाक मार म्हंजे तो देईल. मंग घरी जाव. तिघं.”

वारा आला. धारेचा पडदा एका बाजूला सरला, जेमतेम डोळ्याची पापणी लवावी इतका वेळ. पाण्यामागे कातळाची एक खोबण होती. तिथे कोणी उकिडवं बसलं होतं, पाठ करून, जेवायला बसावं तसं. खांदे दादूसचे होते. मान तशीच किंचित डावीकडे झुकलेली. जबडा हळूहळू हलत होता. आणि ते डोकं आता मागे वळायला लागलं होतं, कोणी आपलं नाव घेईल की काय हे ऐकत, अगदी सावकाश. इतकं पाणी अंगावर पडत असताना केस मात्र हलत नव्हते.

पडदा मिटला.

जयदेवच्या ओठांवर नाव आलं होतं. त्याने ते दातांत धरलं. कातळावरची भाकरी आता दिसत नव्हती. पाणी वर आलं होतं, आईच्या पोटऱ्यांपर्यंत. तिला ते जाणवत नव्हतं. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती, लहान पोर खाऊकडे बघतं तशी.

त्याने तिला उचललं. विचारलं नाही, समजावलं नाही. भाताचं पोतं खांद्यावर घ्यावं तसं घेतलं आणि वळला.

७

मोतीबाईने त्याला मारलं नाही, ती ओरडलीही नाही. तिचं तोंड त्याच्या पाठीकडे होतं. तो उतरत होता आणि ती मागे बघत होती. थोड्या वेळाने ती बोलायला लागली. आधी त्याला वाटलं, आपल्याशी.

“सावकाश रं. तिथं निसटंल.”

जयदेवचे पाय सपाट वाटेवर होते.

“डाव्या अंगानी ये. हां. तसा.”

त्याने मागे पाहिलं नाही. आईच्या अंगाखाली त्याची पाठ भिजली होती. वाटेवर दोन पावलांचा आवाज येत होता, त्याच्या. कधी तो थांबला की आवाज थांबायचा. एकदा थांबला नाही. एक पाऊल जास्त पडलं, मग तेही थांबलं. तेव्हापासून तो थांबलाच नाही. झाडी गेली, करवंदीच्या जाळ्या गेल्या. ती बोलतच होती, घरच्याच गोष्टी. खाटेच्या दोऱ्या सैल झाल्याचं तिने सांगितलं. गाय गाभण असल्याचंही. ती मधेमधे थांबायची, तेवढ्यात जणू कोणी काही म्हणत असावं, आणि एकदा तर ती हसली.

ठाकरवाडीच्या अलीकडे ओढा होता. पाणी मांडीपर्यंत आलं होतं. जयदेव चाचपत पलीकडे गेला. काठावर पाय टेकला, आणि पाठीवरचं बोलणं बंद झालं.

ती लांब कुठेतरी बघत होती. तिची मान हळूहळू ताणली जात होती, ते त्याला खांद्यावर कळत होतं.

“थांबलाय,” मोतीबाई म्हणाली. “पान्याच्या पल्याड.”

तो उभा राहिला. पावसाची एक सर आली आणि गेली. वाडीतून चुलीचा धूर येत होता.

“जया,” ती म्हणाली. “येकदाच.”

येकदाच. चार अक्षरी नाव. लहानपणी दादूस त्याला खांद्यावर घेऊन याच नद्यानाल्यांतून न्यायचा आणि मधल्या धारेत मुद्दाम थांबायचा. माझं नाव घे म्हणजे पुढे नेतो, म्हणायचा. जयदेव किंचाळून नाव घ्यायचा.

त्याने तोंड उघडलं. ओढ्याचा आवाज होता, आणि त्या आवाजामागे कोणी श्वास रोखून धरला होता. उत्तर नक्की येणार होतं. येईल तो आवाज आपल्यासारखाच असणार, हेही त्याला ठाऊक होतं. मग त्या उत्तरामागून पाणी ओलांडून काय येईल, ते मात्र ठाऊक नव्हतं.

त्याने आईचे पाय छातीशी घट्ट आवळले आणि चालायला लागला.

मोतीबाईने आणखी एकदा म्हटलं नाही. वाडीच्या पहिल्या झोपडीपाशी वेणू दारात उभी राहून बघत होती. तिथे पोचल्यावर कुठे मोतीबाईच्या अंगातला ताण गेला, तिचं कपाळ त्याच्या पाठीवर आलं, आणि ती रडायला लागली. ते वर्षभराचं रडणं होतं. बदलापूरपर्यंत ती रडत होती, आणि जयदेव तिला घेऊन चालत राहिला.